मामांच्या ऑफिसातला अठ्ठाविसावा कॉम्प्युटर

"अगं, तू ते मास कॉम का काय ते केलंयस ना? मग हे इंग्रजी पत्र वाचून सांग बरं!"

पुण्याच्या डेडलाइन्सना टांग मारून मी चार दिवस नवीन जालन्यात आले होते आणि मामांच्या ऑफिसात मस्त चहा ढोसत बसले होते. मामांचा बियाण्यांचा धंदा. आमच्याकडे यात नवल काही नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली ती इथेच. तेव्हापासून बियाणं आणि लोखंडी सळई, या दोन गोष्टींवर आमचं गाव मिरवतं.

पत्र एका सॉफ्टवेअर कंपनीचं होतं. भाषा एकदम गोड. आमचं ऑफिस पॅकेज तुमच्याकडे किती मशिनवर आहे आणि त्याची किती लायसन्स तुमच्याकडे आहेत, ते ३० दिवसांत कळवा.

"कळवू की! वीस कॉम्प्युटर, वीस बिलं. टेन्शन कामून घ्यायचं?" मामा म्हणाले.

मलाही ते पटलं. कारण माझ्या डोक्यात लायसन्स म्हणजे श्रीलिपीचा लॉक! लहानपणी कुंडलिकेपलीकडे, जुन्या जालन्यात ओळखीच्यांचा लग्नपत्रिकांचा प्रेस होता. तिथे कॉम्प्युटरच्या मागे अंगठ्याएवढा लॉक खोचलेला असायचा. तो काढला की मराठी टायपिंग बंद. रात्री मालक तो गल्ल्यात ठेवून कुलूप लावायचे. एक लॉक, एक मशिन, विषय संपला. आता असा लॉक हातात येत नाही, त्यामुळे आपल्याकडे नक्की काय आहे हे मोजूनच कळतं.

अकाउंटंट काकांनी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि सगळ्यांना फोन लावले. कुठलं सॉफ्टवेअर आहे, या प्रश्नाला दोघांनी मॉनिटरच्या कंपनीचं नाव सांगितलं. एक म्हणाला, "निळं आयकॉन आहे, साहेब." शेवटी मी हिंजवडीतल्या मैत्रिणीला फोन केला. तिचा पगारच या कामाचा आहे. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "जीएलपीआय टाक. फुकट आहे, ओपन सोर्स आहे."

फंडा सोपा आहे. प्रत्येक मशिनवर एक छोटा प्रोग्राम बसतो. त्याला एजंट म्हणतात. त्या मशिनवर काय काय इन्स्टॉल आहे त्याची यादी तो सर्व्हरला पाठवतो. आपण बिलं बघून लायसन्सचे आकडे आणि मुदतीच्या तारखा भरायच्या. मग टूल दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडतं. ट्रायल म्हणून मी आधी माझ्याच लॅपटॉपवर एजंट टाकला. चालला. झक्कास! मग दोन दिवस गोडाऊनपासून वजनकाट्यापर्यंत फिरून सगळीकडे टाकला.

मशिन निघाली २७. ऑफिस पॅकेज २३ वर. बिलं २० ची. म्हणजे तीनच कमी, असं वाटून मामा खूश झाले. मैत्रिणीनं विचारलं, "त्या वीसपैकी मशिनबरोबर आलेली किती?"

बारा. आणि त्यातली पाच मशिन मामांनी केव्हाच भंगारात काढलेली. मशिनबरोबर येणारं ओईएम लायसन्स सहसा त्या मशिनलाच बांधलेलं असतं. मशिन गेलं की तेही गेलं. जालन्यात भंगार कुठे जातं हे वेगळं सांगायला नको. आमची पाच लायसन्स एव्हाना कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसली असणार! उरली १५. कमी पडत होती आठ. हे टूलनं आपणहून सांगितलं नव्हतं, बरं का. ते फक्त मशिन मोजतं. करारात काय लिहिलंय ते कुणीतरी बसून वाचावंच लागतं.

मोठ्या मोठ्या कंपन्यासुद्धा इथेच आपटतात. जॉनी वॉकर बनवणारी डियाजिओ घ्या. तिचे ग्राहक दुसऱ्याच एका अ‍ॅपवरून ऑर्डर द्यायचे आणि त्या ऑर्डरी आत एसएपीमध्ये पोचायच्या. हे ग्राहकही आमचे युजर, त्यांची लायसन्स कुठे आहेत, म्हणून एसएपी कोर्टात गेली. दावा ५ कोटी ४० लाख पौंडांहून जास्तीचा! फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टानं मूळ मुद्द्यावर एसएपीच्या बाजूनं निकाल दिला.

हे ऐकून मामा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "आठ ठिकाणचं आज रात्रीतून काढून टाकता येईल का?"

खरं सांगते, मला आयडिया वाईट वाटली नाही. मैत्रीण मात्र फोनवरच उखडली. "पत्र आल्यावर काहीही पुसायचं नाही! खुणा राहतात, आणि आत्तापर्यंतची चूक आता मुद्दाम केलेली दिसते." आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३-ब तिला तोंडपाठ होतं. जाणूनबुजून बेकायदा कॉपी वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तरच कोर्ट कैद माफ करू शकतं.

मामांनी पूर्ण यादी प्रिंट करायला सांगितली आणि चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेले. शेवटच्या पानावर थांबले.

"हे अठ्ठाविसावं कुणाचं?"

माझं. ट्रायलचा लॅपटॉप काढायचा राहून गेला होता. त्यात कॉलेजात मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेलं पेज लेआउटचं सॉफ्टवेअर होतं, क्रॅकसकट. पाच वर्षं मी त्यावर पैसे कमावत होते. मामांची आठ तरी नकळत झाली होती. आणि फुकटात लेख छापणाऱ्या एडिटरांच्या नावानं मी जेवताना किती बोटं मोडते, हे त्याच मामांनी ऐकलेलं होतं.

"हेही पत्रात लिहायचं का?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

२०१८ मध्ये आलेल्या बीएसए सर्व्हेप्रमाणे भारतात २०१७ साली वापरात असलेलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनालायसन्स होतं. पूर्वी मी हा आकडा 'सगळेच करतात' म्हणून तोंडावर फेकला असता. त्या दिवशी नाही फेकला.

मामांनी आठ कमी आहेत असं सरळ कळवलं आणि आठ विकत घेतली. पैसे टोचले त्यांना, दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. वजनकाट्याच्या नव्या मशिनवर आता लिबरऑफिस आहे. तिथे पावती छापण्यापलीकडे काही होत नाही, त्यासाठी पैसे कशाला घालवायचे? मी क्रॅक उडवला आणि वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. दोन लेखांचं मानधन गेलं.

टूल मुदतीचे मेल पाठवतं, पण अकाउंटंट काकांचा मेलवर विश्वास नाही. त्यांनी सगळ्या तारखा कालनिर्णयवर एकादशीशेजारी लाल पेनानं लिहिल्या आहेत. त्यात एक माझीही आहे. परवा मामांचा फोन आला.

"अगं, तुझी तारीख शुक्रवारी आहे. भरलेस का पैसे?"