लेहला जायचे, पण कसे?

२०२३ च्या जूनमध्ये लेहला जायचे ठरले तेव्हा वाद झाला तो पैशांपेक्षा सुट्टीवरून. आम्ही पिंपरीतील चार कुटुंबांची मिळून अकरा माणसे. कायम कामगारांच्या रजा शिल्लक होत्या; चाकणला कंत्राटावर असलेल्या मुलांचा मात्र दिवस बुडाला की पगार बुडाला. मुले म्हणत, "काका, विमानानं दिल्ली, दिल्लीहून लेह. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं." आमच्यातले टेम्पो चालवणारे एक दादा तर स्वतःची गाडीच काढायला निघाले. पिंपरी ते लेह सुमारे अडीच हजार किलोमीटर! दादांचा हात पक्का, पण वहिनींनी साफ नकार दिला. आम्हीही वहिनींच्याच बाजूचे.

खरा प्रश्न मावशींचा होता. वय पासष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. पिंपरी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आत, तर लेह साडेअकरा हजारांवर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांश. श्वासागणिक प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. विमान दीडेक तासात तिथे नेऊन सोडते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही. डॉक्टरांनी बजावले, विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस खोलीबाहेर पडायचे नाही. म्हणजे विमानाने वाचवलेल्या दिवसांतले दोन अंथरुणावरच जाणार!

मग मनालीचा रस्ता निघाला. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो, हे खरे. पण पुढे तंगलंग ला ही खिंड सतरा हजार फुटांच्या वर, आणि मध्ये सरचूला मुक्काम पडला तर तो चौदा हजारांवर, लेहपेक्षाही उंच. मावशींना तिथे रात्र काढायला लावणे आमच्या जिवावर आले.

श्रीनगरचा रस्ता मात्र जिन्यासारखा आहे. श्रीनगर ५,२०० फूट, कारगिल ८,८००, लेह ११,५००. एकेका पायरीवर एकेक रात्र झोपायचे. शेवटी ठरले, जाताना रेल्वेने जम्मू आणि पुढे श्रीनगरवरून गाडीने. येताना विमानाने, कारण उतरताना शरीराची तक्रार नसते. परतीची तिकिटे भिशीच्या पैशांतून आधीच काढली. एका मुलाला मात्र एवढी हजेरी बुडवणे झेपेना. तो आला नाही. त्याची रिकामी जागा आम्हाला वाटभर दिसत राहिली.

जोजिला खिंडीत एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी; गाडीत सगळे गप्प. हिवाळ्यात ही वाट बर्फाने बंद होते. कारगिल सोडल्यावर तासाभरात मुलबेख येते. तिथे रस्त्याला लागूनच कातळात कोरलेली मैत्रेय बुद्धांची सुमारे तीस फूट उंच उभी मूर्ती आहे. मावशी खाली उतरल्या आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. चालकाने हॉर्न दिला नाही. विमानाने गेलो असतो तर हे गाव आमच्या वाटेवर आलेच नसते.

पुढे साडेतेरा हजार फुटांच्या फोटू ला खिंडीत त्यांचे डोके जड झाले. पण लामायुरूला उतरताच त्यांनी चहा मागितला. आमचा जीव भांड्यात पडला. लेहला पोचल्यावरही एक दिवस विश्रांती घेतलीच. घरमालकीणबाई "जुले" म्हणायच्या, आम्ही "जयभीम". दोन दिवसांत मुले जुले आणि बाई जयभीम म्हणू लागल्या!

लेहच्या विमानतळाला कुशोक बकुला रिंपोचे यांचे नाव आहे. हे लडाखचे भिक्खू लोकसभेत निवडून गेले आणि पुढे मंगोलियात दहा वर्षे भारताचे राजदूत होते. दुपारनंतर वारा सुटतो म्हणून इथली विमाने बहुतेक सकाळीच उडतात. आमचेही सकाळचेच होते. दिल्लीत विमान बदलून रात्री घरी पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी मुले फर्स्ट शिफ्टला हजर.