पांढरी चौकट

2006 सालची गोष्ट. मी आणि माझ्या रूम पार्टनरने चार रात्री जागून फोर स्ट्रोक इंजिनचं फ्लॅश ॲनिमेशन बनवलं. आवाज त्याचाच! रूमवरच्या पीसीवर पिस्टन झकास हलायचा. सेमिनारला लॅबमध्ये फाईल उघडली, तर नुसती पांढरी चौकट...

रूमवर होतं इंटरनेट एक्सप्लोरर, त्याला ॲक्टिव्ह-एक्सवाला फ्लॅश प्लेअर चालायचा. लॅबमधल्या फायरफॉक्सला प्लगइन वेगळं, इन्स्टॉलरही वेगळा. आणि ॲडमिनचा पासवर्ड कोण देणार? (ब्राउझरशिवाय चालणारी ईएक्सई फाईल फ्लॅशमधूनच काढता यायची, ही अक्कल नंतर आली.) शेवटी पार्टनरने खडू उचलला, फळ्यावर इंजिन काढलं आणि पिस्टन म्हणून डस्टर वर-खाली केला. सर पण हसले.

2019 मध्ये तो गेला. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून तो फ्लॅशच्या फाईली चालवेनाच. सीडी माझ्याकडे होती, पण बघायची कशात?

परवा रफल नावाचा एम्युलेटर मिळाला. फाईल त्यात टाकली. क्षणभर पुन्हा तीच पांढरी चौकट, मग पिस्टन हलला. “सक्शन... कॉम्प्रेशन...” मागे आमच्या रूमचा पंखा घरघरत होता.