फुले वाड्यातलं पाणी

पुण्याला नणंदेकडे गेले होते, तेव्हा गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा पाहिला. बुटकं कौलारू घर, लाकडी खांब, अंगणात विहीर, जोतिरावांची समाधी. १८६८ साली त्यांनी घरचं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं. मनात आलं, शेजारणींचे टोमणे सावित्रीबाईंनीच सोसले असतील ना? त्यांच्यामागे घर परक्या हाती गेलं. पुढे शासनाने डागडुजी करून ते संरक्षित स्मारक म्हणून जपलं.

वाडा दुरुस्त झाला हो, पण आपलं काय? घरी परतले नि कामाच्या बाईंचा फळीवरचा वेगळा कप आधी टाकून दिला. दुसऱ्या दिवशी दोघींनी एकसारख्या कपांतून चहा घेतला. मैत्रिणींनो, तुमच्या फळीवर आहे का असा कप?