दुसऱ्या भागातला पीटर

सॅम रायमीचा, टोबी मॅग्वायरवाला २००२चा ‘स्पायडर-मॅन’ मला आवडतोच. कोळी चावतो, शक्ती मिळते, पीटर छपरांवरून उड्या मारतो. शक्ती मिळण्याची सगळी मजा त्यात आहे. २००४च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये ती मजा ओसरलेली असते, आणि म्हणूनच मला तो सरस वाटतो.

इथं पीटर पिझ्झा पोचवतो, उशीर होतो, नोकरी जाते. भाडं थकलेलं. स्पायडर-मॅनचा पोशाख मशीनमध्ये टाकला तर इतर कपड्यांना रंग लागतो. (बॅचलर फ्लॅटवाल्यांनो, हसून घ्या.) मेरी जेनच्या नाटकाला पोचेपर्यंत दार बंद. उशीर का झाला, हे तिला सांगताही येत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, अधूनमधून ऑन-कॉल. बहिणीच्या साखरपुड्यात जिन्यात लॅपटॉप उघडून बसलो होतो. सर्व्हर वाचला, फोटोत मी नाही. त्या बंद दाराशी उभा पीटर मला गॉब्लिनशी लढणाऱ्या पीटरपेक्षा जवळचा वाटतो.

खलनायकही उजवा. पहिल्या भागात विलेम डफोसारख्या नटाचा चेहरा हिरव्या मुखवट्यात कोंडलाय. आल्फ्रेड मोलिनाच्या डॉक ऑकचा चेहरा उघडा आहे, बायको गेल्याचं दुःख त्यावर दिसतं.

पण खरी बाजी मारतो तो मे काकूच्या घरातला प्रसंग. पहिल्या भागात पीटरनं एका चोराला जाऊ दिलं होतं आणि बेन काका गेला. ते तो आता काकूला सांगतो. ती रागावत नाही, रडत नाही. त्याच्या हातातला हात काढून घेते आणि जिना चढून निघून जाते. पीटर टेबलापाशी बसून राहतो.