तिसरा देश

परवा ब्रसेल्सला जाऊन आलो. फिरायला नाही, जोडीदार शोधायला! आईचाही हाच गैरसमज झाला होता. जोडीदार कंपनीसाठी हवा होता हो.

त्याचं असं आहे, 'होरायझन युरोप' ही युरोपियन युनियनची २०२१ ते २०२७ या काळातली संशोधन-निधीची योजना. सुरुवातीचा आकडा साधारण ९५.५ अब्ज युरो. पण अनेक प्रकल्पांना एकट्याने अर्ज करता येत नाही. तीन वेगळ्या देशांतल्या किमान तीन स्वतंत्र संस्था लागतात. म्हणून हे मेळावे. आधी प्रोफाइल टाकायचं, 'काय देऊ शकतो, काय हवंय' लिहायचं, भेटी बुक करायच्या. २० मिनिटं झाली की पुढचं टेबल. थेट वधू-वर मेळावाच, फक्त पत्रिकेऐवजी व्हिजिटिंग कार्ड.

आमची टॅलिनमधली बारा जणांची कंपनी. पहिल्या पाच भेटींत मी एआय, आयओटी, क्लाउड असं सगळं सांगत सुटलो. लोक हसून कार्ड घेत, बस्स.

सहाव्या भेटीत एका गृहस्थांनी सरळ विचारलं, "एस्टोनियाचे ना? आमचं सगळं ठरलंय, फक्त तिसरा देश हवाय."

"आणि आमचं काम?"

"ते बघू नंतर."

मी मनातल्या मनात बॉसला पेढे देऊन मोकळा!

जेवताना शेजारी एक प्राध्यापिका होत्या, अर्ज तपासायचा अनुभव असलेल्या. त्यांना हे सांगितलं. म्हणाल्या, "१५ गुण असतात. उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी, प्रत्येकी ५. कोण काय करणार हे अंमलबजावणीत बघतात. नावापुरता भागीदार तिथेच उघडा पडतो. तुम्ही नसलात तर काय अडेल, एवढंच विचारा."

काहीच अडणार नव्हतं.

दुपारी प्रोफाइल पुसून एकच ओळ लिहिली: 'सेन्सरचा तुटक डेटा दुरुस्त करतो.' शेवटच्या भेटीत पोर्तुगालच्या एका संशोधिकेने, शेतातल्या पाण्यावर काम करणाऱ्या, माझ्यावर २० मिनिटं नुसते प्रश्न झाडले. आश्वासन काही नाही. "सविस्तर मेल करा," एवढंच.

त्या गृहस्थांना नाही म्हटलं. बॉसला फोनवर सांगताना मात्र जीभ जड झाली. पलीकडे बराच वेळ शांतता, मग नुसतं "बरं."

मेल पाठवलाय. उत्तर अजून नाही. दिवसातून दहा वेळा इनबॉक्स बघतोय... मुलीकडच्यांच्या निरोपाची वाट बघावी तसा.