कागदावरच्या घरांचं सामान

चौकडीची वही. पुढून मुलाचं गणित, मागच्या पानांवर बापाचं घर. एक चौकोन म्हणजे एक फूट. नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधल्या माणसाला निवृत्तीच्या आधीची काही वर्षं ही वही लागायची. जेल रोडला नाहीतर उपनगरला घेऊन ठेवलेला प्लॉट, त्यावर दहा बाय बाराची खोली इकडे, ईशान्येला देवघर, जिना बाहेरून, म्हणजे पुढेमागे वर भाडेकरू ठेवता येईल. भिंतींना जाडी नसे. दोन खोल्यांच्या मध्ये एकच रेघ. नऊ इंची भिंती मांडल्या की घर प्लॉटच्या बाहेर जाई, आणि आर्किटेक्टचं काम तिथून सुरू होई. आता माणूस मोबाइल पुढे करतो. त्यात कुठल्या तरी परदेशी बंगल्याचा फोटो असतो. फोटो देखणा असतो. देवघराची जागा त्यात नसते, भाडेकरूचा जिनाही नसतो. वहीच्या खोडून खोडून झिजलेल्या पानावरून मात्र त्या घरातल्या कुरबुरीसुद्धा कळायच्या.

टी-स्क्वेअर, बोर्ड, सेटस्क्वेअरची जोडी, फ्रेंच कर्व्ह. यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लाकडाला वाळवी लागली, प्लॅस्टिक पिवळं पडलं. सामनगाव रोडनं पॉलिटेक्निककडे सायकल मारणारी मुलं मात्र पाठीवरच्या नकाशांच्या काळ्या नळीवरून लांबूनच ओळखू यायची.

खिळा. हा कुठल्याच दुकानाच्या यादीत नव्हता. घर कोपऱ्यावरून दिसेल तसं काढायचं, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या रेघा नजरेच्या उंचीवर दूर दोन बिंदूंना जाऊन मिळतात. एक बिंदू कसाबसा कागदावर बसतो, दुसरा हमखास बोर्डाबाहेर पडतो. मग टेबलाला स्टूल जोडायचं, स्टुलावर फळी, फळीत खिळा, आणि लांब पट्टी खिळ्याला टेकवून एकेक रेघ आणायची. कंटाळा करून बिंदू जवळ ओढला, की घर जहाजाच्या नाळेसारखं टोकदार व्हायचं. संगणकाला तो बिंदू आपल्याला सांगावा लागत नाही. पूर्वी मात्र खिळा ठोकण्याआधी ठरवावं लागे, की आपण घरापासून किती लांब उभे आहोत. आमच्याकडच्या तीस फुटी रस्त्यावर तेवढं मागे सरकायचं म्हणजे थेट समोरच्याच्या स्वयंपाकघरात. आम्ही तिथेच उभे राहून काढायचो. समोरचं घर चित्रात अर्थातच नसे. तेव्हा हा एक खोटेपणा तरी यंत्रानं आणलेला नाही.

रोट्रिंगची पेनं, ०.२, ०.४, ०.८. हॅम्बुर्गची ही कंपनी १९२८ सालची, आणि नाशिक रोडची करन्सी नोट प्रेसही १९२८ सालची. निव्वळ योगायोग, पण रेघेच्या जाडीवर दोघींचं पोट. पेन हलवलं की आतली तार टकटक वाजायला हवी. वाजली नाही तर शाई सुकली, कोमट पाण्यात बुडवून ठेवा. ट्रेसिंग पेपरला हाताचं तेल लागलं की शाई धरत नाही, म्हणून आधी टाल्कम पावडर फिरवायची. रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन शाई वरच्यावर खरवडायची आणि ती जागा नखानं घासून पुन्हा गुळगुळीत करायची. पावसाळ्यात एवढं करूनही शाई फुटायचीच. एकाच जागी तीनदा खरवडलं की भोक. म्हणून चौथ्यांदा घराची खिडकी हलवायची असेल, तर घरमालकाला गोडीत समजवायचं.

अमोनिया प्रिंट. ट्रेसिंगखाली पिवळसर मसाला लावलेला कागद ठेवायचा आणि वरून प्रखर उजेड द्यायचा. उजेड लागला तिथला मसाला मरतो. शाईच्या रेघेखाली, सावलीत राहिलेला तेवढा जिवंत राहतो. मग अमोनियाची वाफ दिली की तो निळा-जांभळा होतो. एवढंच गणित. दुकानात पाय टाकताच डोळ्यांत पाणी यायचं, आणि आत काम करणारा पोरगा निवांत चहा पीत असायचा. ही प्रिंट उन्हात ठेवली की फिकी पडे. साइटवर सिमेंटच्या गोणीवर पसरलेला नकाशा स्लॅब पडेपर्यंत दम धरी, नंतर त्याच्यावर भेळ.

मंजुरीच्या प्रिंटवर हातानं रंग भरावे लागत. नवं बांधकाम लाल, पाडायचं असेल ते पिवळ्या तिरप्या रेघांनी, प्लॉटची हद्द जाड काळी, ड्रेनेज लाल तुटक. प्रत्येक प्रतीवर पुन्हा तेच. १९८२मध्ये नाशिक रोड-देवळाली नगरपालिका नाशिक महापालिकेत गेली. कचेरी बदलली, रंग तेच राहिले. आज ते संगणकावर एका क्लिकनं भरतात, आणि त्याबद्दल मला काडीचं दुःख नाही. सहा प्रतींवर लाल पेन्सिल घासण्यात कसलीही कला नव्हती.

सावली मात्र वेगळी. हिच्यावर थांबायला हवं. दर्शनी नकाशात सावली नेहमी डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशात टाकायची, असा दंडक होता. कॉलेजात याला सायोग्राफी म्हणत. घराचं तोंड उत्तरेला असो की दक्षिणेला, सूर्य आपला डाव्या खांद्यावर. खरं पाहता नाशिकमध्ये उत्तरेच्या भिंतीवर भर दुपारचं ऊन वर्षातून जेमतेम दोन महिने पोचतं, मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि तेही भिंतीला जेमतेम चाटून. त्यात पाऊस. म्हणजे उत्तरमुखी घराच्या चित्रातली सावली बहुतेक वेळा अशक्यच असे. पण तिचा एक उपयोग होता. त्या कोनात छज्जा जेवढा पुढे, तेवढीच त्याची सावली भिंतीवर खाली उतरते. छज्जा दोन फूट, तर सावली दोन फूट. समोरून पाहिलेल्या सपाट चित्रात खोली दिसत नाही, ती सावलीवर पट्टी ठेवून मोजता यायची. मुरलेला मिस्त्री सेक्शन न उघडता दर्शनी नकाशावरूनच विचारायचा, "साहेब, पोर्च तीन फूट घेतलाय का?" आताचं सॉफ्टवेअर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ विचारतं आणि खरी सावली टाकतं. ती पाहून हॉलमध्ये संध्याकाळी ऊन येईल का ते कळतं, आणि हे मोठंच काम झालं. फक्त तिच्यावर पट्टी ठेवता येत नाही.

झाडं. स्पंजचा तुकडा पोस्टर कलरमध्ये बुडवून टिपलं की झाड. दोन छटा, खाली बुंधा. ज्याचा त्याचा स्पंज, त्यामुळे चित्रावर नाव नसलं तरी झाडावरून कुणाचं ते ओळखू येई. नारळ मात्र ब्रशनं काढायचा. अशोकाची रांग कंपाउंडला असायचीच, कारण ती प्रत्यक्षातही असायची. एक गुलमोहर, लाल रंग उरला असेल तर. गेटशी फियाट, पुढे मारुती ८००. गाडी एकदाच नीट काढून ठेवलेली, मग प्रत्येक बंगल्याला तीच. माणसं तीन: पिशवी घेतलेली साडीतली बाई, एक मूल, एक पाठमोरा पुरुष. चेहरे कुणालाच नसत. मोठ्यांची डोकी नजरेच्या रेघेवर, म्हणजे घर किती उंच ते कळतं. आताच्या संगणकी चित्रात, म्हणजे रेंडरमध्ये, विहितगावच्या रोहाऊसपुढे बर्च उभा असतो आणि लांब कोट घातलेला गोरा माणूस कुत्रं घेऊन चाललेला असतो. प्रोग्रॅमबरोबर फुकट आलेली माणसं ती. शोधली तर साडीतली बाईही मिळते, पण शोधायला वेळ कुणाला आहे?

अक्षरं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत भूमितीच्या जोडीला अक्षरलेखन असे, तेवढ्यापुरतं सगळ्यांनी गिरवलेलं. माझ्या डब्यातली स्टेन्सिल इंग्रजी होती. मराठीला फिक्या पेन्सिलीच्या दोन रेघा आणि हात. 'श्री. व सौ. यांचा नियोजित बंगला' या ओळीतला 'ज्ञ'सारखा वळणदार 'श्री' जमायला एक कागद वाया जाई. उत्तर दिशेचा बाण ही आणखी एक हौस. नकाशात बाकी सगळं नियमानं, बाणाला नियम नाही. कुणी मोरपीस काढे, कुणी त्रिशूळ. आता तो लायब्ररीतून उचलतात, एकच, काळा-पांढरा.

इमारतींच्या चित्रांचं एक मोठं दालन याच गावातून देशभर गेलं, हे इथल्या पोरांनाही माहीत नसतं. १५ ऑगस्ट १९४९ला स्वतंत्र भारताची रोजच्या वापराची पहिली तिकिटमालिका निघाली. तीत सांचीच्या स्तूपाचं तोरण, विजापूरचा गोल घुमट, खजुराहोचा कंदारिया महादेव, चितोडचा विजयस्तंभ, कुतुबमिनार, आणि सगळ्यांत महाग पंधरा रुपयांच्या तिकिटावर शत्रुंजय. छपाई इथली, इंडिया सिक्युरिटी प्रेसची. इंचभर जागेत अख्खं देऊळ बसवायचं म्हणजे कुठल्या रेघा सोडायच्या हे कळायला हवं. मुंबईत जे.जे.मध्ये वास्तुकलेचे प्राध्यापक क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना टेप देऊन जुन्या इमारती मोजायला धाडत, तीही याच विद्येची शाळा. मग १९५२च्या संतकवींच्या मालिकेला फोटोग्राव्हर आलं आणि तिकिटावर फोटोच उतरू लागला. म्हणजे आज रेंडरवरून जी हळहळ चालते ती नाशिक रोडला सत्तर वर्षांपूर्वीच करून झाली असणार. रेघेची इमारत उरली ती नोटेवर. २०१९च्या वीस रुपयांच्या नोटेमागे वेरूळ आहे. भाजीवाल्याला देण्याआधी भिंगातून पाहावं, सगळा अंधार बारीक रेघांनी भरलाय.

कडा. जलरंगातलं घर कागदाच्या कडेपर्यंत जात नसे. मधे दरवाजा, खिडक्या, पोर्च नीट रंगवलेले, बाजूला जाताजाता रंग पातळ, शेजारचं घर दोन पेन्सिली रेघांत, पुढे कोरा कागद. वेळ वाचावा म्हणूनच ते, उगाच त्यात तत्त्वज्ञान शोधू नये. पण त्यामुळे बघणाऱ्याला बोलायला जागा राही. "इथे तुळस येईल ना?" असं म्हणत काकू कोऱ्या जागेवर बोट ठेवत, आणि तुळस तिथल्या तिथे काढली जाई. रेंडरमध्ये आधीच कुंड्या असतात. त्यात नको ती झाडं असतात, आणि काकू काही म्हणत नाहीत, कारण त्यांना वाटतं हे ठरलंय. वास्तुशांतीला हॉलमध्ये तेच जलरंगातलं चित्र फ्रेम करून लावायचा रिवाज होता, मुक्तिधाम मंदिराच्या फोटोच्या शेजारी. घर बांधताना पोर्च बदललेला असे, गच्चीचा कठडा बदललेला असे, चित्र जुनंच. त्यामुळे मूळ चित्रं काढणाऱ्याकडे उरली नाहीत, घराघरांत गेली आणि घर पाडून तिथे अपार्टमेंट उठताना भंगारात गेली.

शेवटची नोंद संगणकाचीच. रात्रभराचा रेंडर. २००५च्या पुढेमागे एका बंगल्याचं एक चित्र तयार व्हायला दहा-बारा तास लागत. तेव्हाची चित्रं लगेच ओळखू येतात: काचेसारखी चकाकणारी फरशी, सगळ्या घरांवर तेच आकाश, हवेत किंचित तरंगणारी झाडं. आता तेवढंच चित्र चहा येईपर्यंत होतं, शिवाय फिरवून दाखवता येतं. तेव्हा रात्री मशिन लावून, मॉनिटर बंद करून झोपायचं. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून टेबलाशी चिकटवलेलं. सकाळची वीज जाण्याआधी चित्र संपायला हवं. यूपीएस फार तर पंधरा मिनिटं तग धरायचा. गच्चीवर गेलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, धूर व्यवस्थित चालू. वीज इथे तयार व्हायची आणि इथेच जायची. परत आली की रेंडर पहिल्या ओळीपासून.