कझिन ब्रदर

‘कझिन ब्रदर’ म्हणणारा माणूस भेटला की मी त्याला मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवायचो. साडूला ‘को-ब्रदर’ आणि जावेला ‘को-सिस्टर’ म्हणणारे तर माझ्या लेखी कामातूनच गेलेले. ‘फियान्से’ शब्दात वाग्दत्त वराला शेवटी एक ‘ई’ लागतो आणि वधूला दोन, हे ठाऊक नसणाऱ्यांवर मी स्टाफरूममध्ये विनोद करत असे. लोक हसायचे. इंग्रजीच्या मास्तराला एवढा मान फुकटात मिळतो.

माझं म्हणणं तर्काला धरून आहे, अशी माझी खात्री होती. इंग्रजीत ‘कझिन’ भाऊही असतो आणि बहीणही. कोण ते पुढच्या ‘ही’ किंवा ‘शी’वरून कळतं. मग वर आणखी ‘ब्रदर’ कशाला?

एकदा नववीतल्या एका मुलाने रजेचा अर्ज आणून दिला. कझिन ब्रदर वारला होता, तेरा दिवस शाळेत येता येणार नव्हतं. मी लाल शाईने ‘ब्रदर’ खोडलं. ‘एक्स्पायर्ड’च्या जागी ‘डाइड’ लिहिलं. मुदत औषधाची संपते, माणसाची नाही, हेही त्याला ऐकवलं आणि सही ठोकली. कसा गेला, किती वर्षांचा होता, काही विचारलं नाही. मुलगा परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते. चुलते आधीच गेलेले, घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं. चुलतभावाला अग्नी यानेच दिला होता. मी खोडलेला ‘ब्रदर’ समोर बाकावर बसला होता.

इथे माझं मत बदललं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. वाईट वाटलं, मात्र व्याकरण ते व्याकरण, असं स्वतःला बजावून मी फळ्याकडे वळलो.

मत बदललं ते बऱ्याच वर्षांनी, शेक्सपिअरच्या मृत्युपत्राबद्दल वाचताना. 1616 सालच्या त्या कागदात एलिझाबेथ हॉलचा उल्लेख ‘नीस’ असा आहे. ही एलिझाबेथ त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी, म्हणजे सख्खी नात. ‘नीस’ म्हणजे भाची किंवा पुतणी, असं मी इतकी वर्षं घोकून घेत होतो. नातीला ‘नीस’ लिहिणाऱ्या पोराचा मी अर्धा मार्क कापला असता. मग मी शोधतच सुटलो. ‘हॅम्लेट’मध्ये क्लॉडियस आपल्या पुतण्याला ‘कझिन’ म्हणतो. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला सॅम वेलर सावत्र आईला ‘मदर-इन-लॉ’ म्हणतो, आणि ते पुस्तक 1836-37 मधलं, म्हणजे काही पुराणकाळातलं नाही. आज आपण ज्याला नात्यांचा घोळ म्हणतो, तो इंग्रजांच्या घरात राजरोस नांदत होता.

त्या रात्री तो अर्ज आठवला आणि शरम वाटली. अर्ज खोडल्याची होतीच, पण जास्त टोचलं ते वेगळंच. मुंडण केलेला मुलगा समोर बसलेला असताना जे मला पटलं नाही, ते शेक्सपिअरच्या कागदात दिसताच एका क्षणात पटलं. साहेबाने लिहिलं तर भाषेचा इतिहास, आपल्या पोराने लिहिलं तर चूक. इतकी वर्षं या लाचारीला मी व्याकरण म्हणत होतो. आणि त्यातून सुटायलाही मला साहेबाचीच परवानगी लागली! हे आठवलं की आजही कसंनुसं होतं.

नंतर इरावती कर्वे यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं 1953 सालचं इंग्रजी पुस्तक हाती घेतलं. खरं तर ते आधी घ्यायला हवं होतं. महाराष्ट्रात कितीतरी जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना हौसेने जुळवलं जातं. चुलतबहिणीशी लग्नाचा विचारही कुणी करत नाही. ‘कझिन’ मात्र दोघींना एकाच रांगेत बसवतं. त्यापुढे ‘सिस्टर’ लावणारा माणूस आपल्या घरातली रीत सांभाळत असतो. उलटंही घडतं म्हणा. आपण ‘सावत्र’ एवढंच म्हणून मोकळे होतो; इंग्रजीत आईबापांपैकी एक जण सामाईक असेल तर ‘हाफ ब्रदर’ आणि रक्ताचा संबंधच नसेल तर ‘स्टेप ब्रदर’. हा फरक मी मुलांना अजूनही समजावून सांगतो, कारण तो उपयोगाचा आहे.

सगळंच काही सोडून दिलेलं नाही. मुख्याध्यापकांसाठी ‘प्रिन्सिपल’ लिहिताना तत्त्वाचं स्पेलिंग आलं तर मी खोडतो. कर्मचारीवर्गाचं ‘पर्सोनेल’ आणि खासगीचं ‘पर्सनल’ यांची गल्लतही चालू देत नाही. ‘कझिन ब्रदर’ला मात्र हात लावत नाही. रजेचा अर्ज आला तर पेन उघडण्याआधी विचारतो, काकांकडचा की मामांकडचा, आणि काय झालं होतं. बोर्डाचा पेपर तपासणारा ‘ब्रदर’वर लाल रेघ मारू शकतो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवतो.